शब्दचर्चा : डुकरांच्या ‘पीईडी’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादवेडी
वराहपालनावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ‘पोर्साइन एपिडेमिक डायरिया’ (पीईडी) पानोपानी येतो. संपादक म्हणतात, सरळ ‘डुकरांचा कोरोना’ लिहा, लोकांना पटकन कळेल. मला ते खटकतंय. कच्च्या मसुद्यात ‘वराह महामारी अतिसार’ आहे, तो वाचतानाच धाप लागते. काही सुचवा.

गोठेवाला
पशुवैद्यक म्हणून सांगतो, ‘डुकरांचा कोरोना’ अजिबात नको. विषाणू कोरोना कुळातला आहे, पण माणसाला तो होत नाही, मांस खाल्ल्यानेही नाही. २००९ मध्ये पुण्यात ‘स्वाइन फ्लू’ने काय घबराट उडवली होती आठवा. रोग पसरत होता माणसाकडून माणसाला, आणि डुक्कर फुकट बदनाम. शिवाय डुकरांना होणारे कोरोना एकाहून जास्त आहेत. टीजीई हा डुकरांच्या जठर-आतड्यांचा दुसरा कोरोना-रोग तर १९४६ पासून माहीत आहे. मग हा कुठला?
वासराला, करडाला आपण म्हणतो तेच म्हणा : हगवण.

जुनीपोथी
हगवण मिळमिळीत वाटतं. ‘बुळकांडी’ कसा आहे? पिचकारीसारखं पातळ होणं त्या शब्दातच आहे.

गोठेवाला
शब्द झकास, पण जागा भरलेली आहे. बुळकांडी म्हणजे गुरांचा रिंडरपेस्ट हा रोग. २०११ मध्ये तो जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं, तरी नाव त्याचंच. मात्र तुमची दिशा बरोबर आहे. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत ही सगळी नावं डोळ्यांना जे दिसतं त्यावरूनच पडलीत.

आयोवाकर
याही रोगाचं तसंच झालं. १९७१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डुकरांत अशी साथ दिसली, विषाणू सापडला नंतर, १९७८ मध्ये, बेल्जियममध्ये. इकडे अमेरिकेत तो २०१३ च्या वसंतात शिरला आणि वर्षभरात सुमारे ७० लाख पिल्लं गेली.
‘मिळमिळीत’बद्दल मात्र जुनीपोथींशी सहमत. आठवड्याच्या आतली पिल्लं जवळजवळ सगळी मरतात. न पचलेलं दूध ओकतात, मागून पिवळं पाणी, कातडी बरगड्यांना चिकटते, आणि ऊब मिळावी म्हणून आईच्या पोटावर एकमेकांवर चढून पडतात. लहान आतड्यातले दूध शोषणारे बारीक उंचवटेच झडलेले असतात, त्यामुळे प्यायलेलं अंगी लागत नाही. मोठी डुकरं आठवडाभर हगून बरी होतात. म्हणून नावात ‘साथीची’ हवंच.

अनुवादवेडी
मग ‘महामारी’ का नको?

जुनीपोथी
महामारी म्हटलं की पटकी आणि प्लेग डोळ्यांपुढे येतात. गुरांत ‘साथ’च येते. ‘औंदा खुरकुताची साथ आहे’ असं म्हणतात, खुरकुताची महामारी कोणी म्हणत नाही. ‘डुकरांची साथीची हगवण’ लिहा, कंसात एकदा ‘पीईडी’.

गोठेवाला
+१. एक तळटीप मात्र द्या : टीजीईतही अगदी असंच दिसतं, नुसतं बघून फरक सांगता येत नाही, पीसीआर चाचणी करावीच लागते.

अनुवादवेडी
ठरलं. आता पुढचा अडथळा. ‘गाभण माद्यांना फीडबॅक द्यावा’ असं एक वाक्य आहे. मी ‘अभिप्राय’ लिहून बसले होते!

आयोवाकर
😂 डुकरीण अभिप्राय ऐकून घेणार नाही. इथे फीडबॅक म्हणजे आजारी पिल्लांची विष्ठा किंवा दळलेली आतडी गाभण माद्यांना मुद्दाम खायला घालणं. त्यांना हलका आजार होतो, मग दुधातून पिल्लांना संरक्षण मिळतं. यात दुसरे रोगही पसरू शकतात, म्हणून हा उपाय वादाचा आहे.

गोठेवाला
आणि तिथे ‘चिकातून’ एवढंच लिहून थांबू नका. चीक एक-दोन दिवसांचा. आतड्याचं रक्षण रोजच्या दुधातल्या प्रतिपिंडांनी होतं.

जुनीपोथी
‘रोगचारणी’ कसं वाटतं?

अनुवादवेडी
छान आहे, पण वाचकाला पुन्हा समजावून सांगावं लागेल. ‘बाधित आतडी खाऊ घालणे’ असंच ठेवते.