बारावीनंतर आर्किटेक्चर, गोव्यात: नाटा, कॉलेज आणि पुढे काय?

बेतकीची
नमस्कार मंडळी. फोंड्याला बारावी सायन्सला आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स. चित्रकला बरी, गणित कामापुरतं. आर्किटेक्ट व्हायचंय हे नक्की, पण चार गोष्टींवर अडलंय. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा द्यावी की जेईईचा पेपर 2? पणजीतलं आल्तिनोचं कॉलेज बरं की गोव्याबाहेर जावं? बाबांचं म्हणणं, सिव्हिल कर, गावात घरांचे नकाशे इंजिनियरच करतात, मग पाच वर्षं कशाला? आणि लॅपटॉप आत्ताच घेऊन ठेवावा का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

टी-स्क्वेअर
परीक्षांचं आधी. दोन्ही दे. तयारी बरीचशी सामायिक आहे, दारं मात्र वेगळी उघडतात.

नाटा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेते, म्हणजे आर्किटेक्टची नोंदणी करणारी संस्था. एकूण 200 गुण. भाग अ कागदावर, 80 गुणांचा, दीड तास: रंगसंगतीची रचना 25, काळं-पांढरं रेखाटन 25, आणि तिथे दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय मांडणी 30. भाग ब संगणकावर, 120 गुणांचा. तो ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ असतो, म्हणजे तू दिलेल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा की कठीण हे ठरतं आणि मागे जाता येत नाही. शाळेच्या सवयीने ‘हा नंतर बघू’ म्हणणारी मुलं इथेच घसरतात. पास व्हायला एकूण 60 लागतात, शिवाय दोन्ही भागांत वेगवेगळी किमान अट आहे. त्यामुळे चित्रांच्या जोरावर ब भाग सोडून देता येत नाही. एका वर्षात एकाहून जास्त वेळा देता येते.

रंग कोरडेच वापरायचे, तेव्हा जलरंगांत हात बसला असला तरी सराव रंगीत पेन्सिलींचा कर. त्रिमितीय भागाचा सराव घरी कुणी करत नाही आणि भाग अ मधले सर्वांत जास्त गुण तिथेच आहेत. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, दोरा एवढंच घे, घड्याळ लावून बस आणि डिंक न वापरता खाचा पाडून वस्तू उभी करायला शीक. बाजारातली ‘नाटा किट’ नावाची महागडी पेटी घेऊ नकोस.

जेईई मेनचा पेपर 2ए 400 गुणांचा: गणित 100, अ‍ॅप्टिट्यूड 200, चित्रकला 100. एनआयटी आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसाठी हाच लागतो. आपल्याकडे एक गैरसमज दरवर्षी दिसतो, म्हणून सांगतो: गोव्याच्या, म्हणजे कुंकळ्ळीच्या एनआयटीत बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) नाही. तिथल्या भरवशावर राहू नकोस.

आल्तिनोचं गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर सरकारी आहे, 1982 पासूनचं, गोवा विद्यापीठाशी संलग्न. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाकडून होतो आणि त्यासाठी नाटा. रहिवासी दाखला आणि राखीव गटात असशील तर जातीचं प्रमाणपत्र आत्ताच काढायला घाल. निकालानंतर मामलेदार कचेरीत रांग लागते आणि अर्जाची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. गुणवत्ता यादीत बारावीचे आणि नाटाचे गुण कसे धरतात ते त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्येच बघ, गेल्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

बाहेर जायचं असेल तर आधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर तपास, कारण मान्यता नसेल तर पुढे आर्किटेक्ट म्हणून नोंदणीच होत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, त्याची चौकशी कर. माझं मत विचारशील तर गोव्यातच काम करायचं असेल तर आल्तिनो. पाच वर्षं इथलाच पाऊस आणि इथलीच गावं अभ्यासाला मिळतात. दिल्लीत शिकून आलेल्याला ते नंतर शिकावं लागतं.

साईटवाला डिचोली
मी सिव्हिलचा माणूस, तेव्हा बाबांच्या बाजूनेही बोलतो. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. 1972 च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टने ‘आर्किटेक्ट’ हे नाव राखून ठेवलंय, काम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेच स्पष्ट केलं. नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं नाही, पण इमारतीचा आराखडा करायला त्या कायद्याची बंदी नाही. आपल्याकडे नगरनियोजन खात्याचीही नोंदणी असते: आर्किटेक्टचा क्रमांक एआरने सुरू होतो, इंजिनियरचा ईआरने, स्ट्रक्चरल इंजिनियरचा एसईने. तेव्हा गावातलं घर इंजिनियरच्या सहीने उभं राहतं, हे खरंच.

पण ती सही म्हणजे तुझं करिअर नव्हे. सिव्हिलची चार वर्षं बीम, माती, पाणी, रस्ते यांत जातात, घराचा आराखडा त्यात जेमतेम असतो. ‘दोन्ही सारखंच’ समजून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्सपुढे हताश होऊन बसतात. आणि उलटही आहे: आर्किटेक्टच्या प्लॅनलाही स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट, म्हणजे सांगाड्याच्या जबाबदारीचा दाखला, इंजिनियरचंच लागतं. तेव्हा हे भांडण नाही, जोडी आहे. तुला खांब किती जाडीचा हवा यात रस असेल तर सिव्हिल, तो खांब मुळात तिथे हवा का यात रस असेल तर आर्किटेक्चर.

कामापुरतं गणित चालेल. स्ट्रक्चर्सच्या विषयात बेंडिंग मोमेंट, शिअर (तुळईवर येणाऱ्या जोराची गणितं) येतात, पण कॅल्क्युलसने छळत नाहीत.

बेतकीची
खूप आभार. साईटवाला दादा, खांबाची ओळ बाबांना वाचून दाखवली, हसले! पण गोव्यात आर्किटेक्टचं रोजचं काम नेमकं काय असतं? कॉलेजच्या प्रदर्शनात दिसतात ती मॉडेलंच का?

एक-चौदा
मॉडेलं फार थोडी. नव्या प्लॉटवर पहिला महिना कागद वाचण्यात जातो आणि कॉलेजात हे कुणी पुरेसं शिकवत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

गिऱ्हाईक प्लॉट घेऊन आलं की आधी एक-चौदाचा उतारा (जमिनीचे मालक आणि कुळं यांची सरकारी नोंद) आणि सर्व्हे प्लॅन, शहरात असेल तर उताऱ्याच्या जागी फॉर्म डी. उताऱ्यावर मालकाचं नाव सगळेच बघतात, कुळाचा रकाना मात्र राहून जातो. तिथे कुळाचं नाव असेल तर हात आखडता घे, कारण कुळकायद्याने कुळाकडे गेलेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला 1991 चा भूवापर कायदा आडवा येतो. जमिनीत मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत कायद्याच्या संरक्षणाने राहणाऱ्याचं, घर आहे का ते जागेवर जाऊनच कळतं. मालक चार भाऊ असतील तर चौघांची संमती, आणि आपल्या नागरी कायद्यामुळे बहुतेक वेळा बायकांच्याही सह्या. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, झालेली नसेल तर काढलेला सुंदर प्लॅन कपाटात राहतो. म्हणून फी ठरवताना ‘मालकीचे कागद स्पष्ट करणं गिऱ्हाइकाकडे’ असं लेखी घालावं.

मग झोनिंग. प्रादेशिक आराखडा 2021 किंवा ओडीपी (शहरी भागाचा विकास आराखडा) यांत तो सर्व्हे नंबर सेटलमेंट (वस्ती) आहे की ऑर्चर्ड (बागायत) हे दाखल्यावरून बघायचं, दलालाच्या तोंडावरून नव्हे. वरून येणाऱ्या झोनबदलांच्या गोष्टीही ऐकशील, त्या कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळतात, त्यांच्यावर डिझाइन उभं करू नये. उतार 25 टक्क्यांहून जास्त असेल तर तो भाग बांधकामाबाहेर. डोंगर कापायचा किंवा सखल जागा भरायची तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 17ए खाली वेगळी परवानगी. किनाऱ्याजवळ किंवा खाडीजवळ सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामाचे नियम. जुन्या गोव्यात संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत मनाई आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित. प्लॉटवर माड आहेत का तेही मोज. माड 2016 मध्ये वृक्षसंरक्षण कायद्यातून वगळला होता, 2017 मध्ये परत आला, त्यामुळे परवानगी लागतेच.

एवढं झालं की आकडेमोड. एफएआर म्हणजे प्लॉटच्या मानाने सगळे मजले मिळून किती बांधता येतं ते प्रमाण; गोव्यात ते शेकड्यात लिहितात. 80 म्हणजे 0.8. समजा 500 चौरस मीटर प्लॉट, एफएआर 80 आणि कव्हरेज 40 टक्के, तर एकूण 400 चौरस मीटर बांधता येतं आणि जमिनीवर जास्तीत जास्त 200. वर सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा. अरुंद प्लॉटवर सेटबॅक सोडल्यावर ते 200 बसतच नाहीत, पण गिऱ्हाइकाने मनात 400 धरलेले असतात. पहिल्याच भेटीत हे कागदावर काढून दाखवावं.

खेडेगावात परवानगीची साखळी साधारण अशी: जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली जमीन बिगरशेती करण्याची सनद, नगरनियोजनाचा तांत्रिक दाखला, आरोग्य केंद्राचा ना-हरकत, मग पंचायतीचं बांधकाम लायसन. काम संपल्यावर कम्प्लिशन (काम पुरं झाल्याचा दाखला) आणि शेवटी ऑक्युपन्सी (राहायला जाण्याचा दाखला). पीडीएच्या (नियोजन आणि विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असाल तर नगरनियोजन खात्याच्या जागी पीडीए, आणि शहरात पंचायतीच्या जागी पालिका. अडतं कुठे? बहुतेकदा प्रवेशरस्त्याच्या रुंदीवर. सर्व्हे प्लॅनवर दिसणारी वाट जागेवर निम्मी असते. टेप घेऊन स्वतः मोजावी.

चिरा आणि कौल
कागदांबद्दल एक-चौदांनी सांगितलंच. मी पावसाकडे येतो, कारण गोव्यातली बहुतेक वाईट घरं परवानगीमुळे नव्हे तर जूनमुळे वाईट ठरतात.

साईटचं पंचांग साधं आहे. पावसाळा संपताच, ऑक्टोबरात पाया, मेअखेर छप्पर. परवानगी जानेवारीत हातात आली तर घाईने पाया खणून जूनमध्ये खड्ड्यात तळं बघण्यापेक्षा पुढच्या ऑक्टोबरची वाट बघावी. गिऱ्हाइकाला हे पटवणं हासुद्धा कामाचाच भाग.

चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी शोषतो. उघडी चिऱ्याची भिंत मासिकातल्या फोटोत छान दिसते, पण नैर्ऋत्येकडून पाऊस झोडपतो त्या बाजूला ती आतून ओली होते आणि दिवाळीपर्यंत वाळत नाही. तिथे गिलावा तरी करा, नाहीतर मोठी वळचण द्या. जुन्या घरांचा रुंद ओटा, बल्कांव (दारापुढची छपराखालची बैठक), उंच जोतं, मधलं राजांगण हे हौस म्हणून नव्हतं. सपाट स्लॅब टाकून ती गळायला लागली की वर लोखंडी सांगाड्यावर मंगळुरी कौलं, हे दृश्य गावोगाव दिसतं: एका छपराच्या जागी दोन छपरांचा खर्च. सुरुवातीलाच उतरतं छप्पर काढा.

समुद्राच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजतात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेत उघडं राहणारं काँक्रीट ‘सिव्हियर’ गटात येतं: किमान एम30 प्रतीचं काँक्रीट आणि सळीवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. प्रत्यक्षात ते अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी चिऱ्याच्या कपच्या सरकवतात. ओतण्याच्या आदल्या दिवशी जाऊन कव्हर मोजणारा आर्किटेक्ट आणि फक्त फोटो मागवणारा आर्किटेक्ट यांच्या इमारतींत दहा वर्षांनी फरक दिसतो.

बघायला जाणारच असशील तर कांपालला चार्ल्स कोरियांची कला अकादमी बघ. दर्शनी भाग सोड. रस्त्यावरून नदीकडे चालत जा आणि आत कधी शिरलीस, बाहेर कधी आलीस ते शोध. मग तोर्डाचं हाऊसेस ऑफ गोवा हे संग्रहालय, आर्किटेक्ट जेरार्द द कुन्हांचं. वही घेऊन जा, मोबाईल खिशात ठेव.

टी-स्क्वेअर
लॅपटॉपचं कुणी बोललंच नाही. आत्ता घेऊ नकोस. पहिलं वर्ष हातानेच काढायचं असतं: ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, क्लच पेन्सिली, माउंट बोर्ड, कटर आणि कटिंग मॅट. मॅट चांगली घे. कटरचं पातं बोथट झालं की लगेच बदल. बोटं कापतात ती बोथट पात्यानेच, कारण जोर लावावा लागतो. माउंट बोर्ड एका दमात कापू नये, हलक्या हाताने तीन-चार वेळा.

दुसऱ्या वर्षी घेशील तेव्हा 16 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, 512 जीबीची एसएसडी. मॅकबुकच्या मोहात पडू नकोस, इमारतींच्या ड्रॉइंगचं रेव्हिट हे सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही.

साईटवाला डिचोली
कमाईचंही विचारलं नाहीस, पण बाबा विचारतील. पाच वर्षं डिग्री, त्यात एक सत्र ऑफिसात प्रशिक्षण, मग कौन्सिलची नोंदणी. सुरुवातीचा पगार सिव्हिलच्या मुलांपेक्षा जास्त नसतो, बऱ्याचदा कमीच. स्वतःचं ऑफिस थाटण्याआधी निदान एक घर पायापासून ऑक्युपन्सीपर्यंत कुणाच्या तरी हाताखाली पूर्ण बघावं. फी टप्प्याटप्प्याने घ्यावी आणि परवानगीच्या ड्रॉइंगवर सही करण्याआधीचा टप्पा वसूल झालेला असावा, कारण लायसन हातात पडलं की काही गिऱ्हाइकं फोन उचलत नाहीत.

एक-चौदा
आणि टाइल्सवाला, फर्निचरवाला कमिशन देऊ करेल. ते घेणं कौन्सिलच्या आचारसंहितेत गैरवर्तन आहे, नोंदणी जाऊ शकते. प्रशिक्षणासाठी ऑफिस निवडताना एक प्रश्न विचार: साईटवर आठवड्यातून कितीदा नेणार? ‘रेंडर (संगणकावर इमारतीची चित्रं) करायला मुलं हवीत’ असं उत्तर आलं तर दुसरं ऑफिस बघ.

बेतकीची
दाखल्यासाठी सोमवारीच मामलेदाराकडे जाते. आणि पुठ्ठा गोळा करायला घरात सगळ्यांना सांगितलंय.