विसर्जन मिरवणुकीत अँब्युलन्स ड्युटी: जादा काय घ्यावं?

प्रश्न: अनंत चतुर्दशीला पुण्यात लक्ष्मी रोडला पहिलीच ड्युटी आहे. नेहमीच्या किटशिवाय काय लागेल?

उत्तर १: गाडी बोळात लावा, तोंड बाहेरच्या बाजूला. गर्दीत चाकांचं स्ट्रेचर चालत नाही. कॅनव्हासचं घडीचं घ्या, उचलायला चौघं. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला १० लिटरने अडीच तास. दुसरा भरलेला हवाच.

उत्तर २: ढोलवादक चक्कर येऊन पडला की लगेच शुगर बघा, पण बोट पाण्याने धुऊन, कोरडं करून. पेढ्याचा चिकटा राहिला तर आकडा खोटा वाढतो. ७०च्या खाली असेल तर ग्लुकोज. तोंडाने मात्र पूर्ण शुद्धीत असेल तरच.

उत्तर ३: डीजेसमोर स्टेथोस्कोप गळ्यातच शोभतो! आवाजात त्यातून काही ऐकू येत नाही. बीपीचा पट्टा फुगवून हळूहळू सोडा आणि मनगटाची नाडी परत कुठल्या आकड्याला लागते ते चाचपून घ्या. वरचाच आकडा मिळेल, तेवढा पुरतो.