बोहेमियनला मराठीत काय म्हणावं? 'कलंदर' खोडला गेलाय

मुक्काम परभणी
मागच्या उन्हाळ्यात पॅरिसला गेले होते. आयफेल टॉवर एका दुपारात उरकला आणि उरलेले दिवस तिथल्याच मोंमार्त्र नावाच्या टेकडीच्या चढावर घालवले. खिशात पैसा नसताना आपल्याच मर्जीनं जगणारे, ज्यांना बोहेमियन म्हणतात ते जुने चित्रकार, कवी, त्यांच्या खोल्या, त्यांचे गुत्ते शोधत हिंडले. त्यावर आमच्याकडच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीला लेख दिला, मथळा 'कलंदरांची टेकडी'. संपादकांचा फोन आला, "ताई, कलंदर म्हणजे फकीर माणूस. तुमच्या लेखात तर सगळे दारू पिऊन चित्रं काढायलेत." त्यांनी सुचवलंय 'स्वैराचारी कलावंतांची टेकडी'.

स्वैराचारी! एवढं वाचून माझी आई लेख तरी वाचेल का? बरं, मी तिथं जे पाहिलं ते स्वैराचारापेक्षा आमच्या कॉलनीसारखंच जास्त होतं. उतारावर एक छोटा चौक, हिरव्या ओतीव लोखंडाची पाण्याची टाकीवजा पाणपोई, तिचं छत चार बायकांनी तोललेलं, आणि बाजूला चित्रकारांच्या खोल्या असलेल्या एका इमारतीचा बुटका दर्शनी भाग. हीच 'बातो-लाव्वार'. पिकासो इथं १९०४ ते १९०९ राहिला, पाच बायकांचं ते गाजलेलं चित्र १९०७ साली इथंच काढलं. सगळ्या इमारतीला पाण्याचा नळ एकच. हे वाचलं आणि माझ्यातली परभणीकर जागी झाली. १९७० साली आग लागून इमारत गेली, समोरचा भाग तेवढा उरला.

बुधवारपर्यंत मथळा द्यायचाय. बोहेमियनला मराठी शब्द सुचवा. बातो-लाव्वारचंही सांगा. शब्दशः अर्थ 'कपडे धुवायची नाव'. सेन नदीत अशा नावा असायच्या. इमारत वाऱ्यानं तशीच करकरायची म्हणून हे नाव, मॅक्स जाकोब या कवीनं ठेवलेलं म्हणतात. मी 'परटाची नाव' लिहिलंय.

जुनी पोथी
'स्वच्छंदी' हा उत्तम शब्द असताना कलंदर कशाला? 'मनस्वी'ही चालेल. प्रत्येक गोष्टीला फारसी ठिगळ लावायची गरज नाही.

शहागंज
सर, फारसी-अरबी काढून टाकलं तर मराठवाड्यात बोलायला उरतं काय? तुम्ही तीस वर्षं शाळेत 'हजेरी'च घेतलीत ना?

जुनी पोथी
घेतली. आणि त्यात तुम्ही गैरहजर असायचात. 'गैर'सुद्धा तिकडचाच, ठाऊक आहे मला. रुळलेला शब्द वेगळा, मुद्दाम आणलेला वेगळा.

कोरडवाहू
कलंदर आणलेला नाही सर, शेकडो वर्षं इथंच राहतोय. पण तो इथं बसत नाही हे संपादकांचं म्हणणं खरंय, कारण मात्र चुकीचं. जुने कलंदर पंथाचे लोक डोकं, दाढी, मिशा आणि भुवया हे चारही भादरून घ्यायचे. मोंमार्त्रवाले केस वाढवून हिंडायचे. हा झाला गमतीचा भाग. खरी अडचण अशी की कलंदर एकटा असतो. 'चार कलंदर मिळून खोलीचं भाडं थकवून राहिले' असं वाक्य कधी ऐकलंय? बोहेमियन म्हटलं की टोळकं आलं, अड्डा आला. कलंदर स्वतःहून सगळं सोडतो. बोहेमियनकडं सोडायला मुळात काही नसतंच. त्याला भूक असते. या शब्दाला ज्याच्या पुस्तकामुळं प्रतिष्ठा आली तो फ्रेंच लेखक आंरी म्यूर्जे, पुस्तक १८५१ सालचं. त्यानंच लिहून ठेवलंय की ही वाट एकतर अकादमीत जाते, नाहीतर इस्पितळात, नाहीतर शवागारात. कलंदर शब्दात इस्पितळ नाही.

मुक्काम परभणी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मग काय लिहू? 'भुकेल्यांची टेकडी'? संपादक दुष्काळाची बातमी म्हणून आत टाकतील.

उदगिरी
'भटक्या कलावंतांची टेकडी' लिहा की. सोपं.

पालावरचा
'भटक्या' लिहायच्या आधी एक ऐका. माझ्या जातीच्या दाखल्यावर 'भटक्या जमाती' असं लिहिलेलं आहे. तो शब्द मला तहसीलच्या खिडकीतून मिळाला, कॉफीच्या टेबलावरून नाही. आणि बोहेमियनचं मूळही बघा. रोमा लोक बोहेमियातून आले असा फ्रेंचांचा समज, म्हणून त्यांना बोहेमियन म्हणायचे. बोहेमिया म्हणजे आजच्या चेकमधला मुलूख. मग पैसे नसलेल्या, ठावठिकाणा नसलेल्या चित्रकारांना तेच नाव चिकटलं. आमचं पाल गावाबाहेर पडलं की पोलीस पाटील चौकशीला यायचा. चित्रकार तसाच राहिला की त्याच्या टेकडीवर पर्यटक येतात.

कोरडवाहू
याचं उलटं उदाहरण आपल्याकडं आहे. दरवेश म्हणजे सूफी फकीर. तोच शब्द मराठीत 'दरवेशी' झाला आणि अस्वलवाला होऊन बसला. लहानपणी आमच्या गावात दरवेशी आला की आजी तापाच्या पोराला अस्वलावर बसवायची. त्यांचा शब्द भटक्याकडून कलावंताकडं चढला, आपला साधूकडून अस्वलाकडं उतरला.

उदगिरी
मी पण बसलोय अस्वलावर. केस इतके राठ की चड्डीतून टोचायचे. ताप उतरला का आठवत नाही, भीती अजून आहे. दरवेश्यानं आईकडून पावशेर ज्वारी घेतली होती.

जुनी पोथी
विषय बोहेमियनचा आहे.

शहागंज
विषयावरच येतो सर. वडलांचं चहाचं हॉटेल होतं औरंगाबादला, आता संभाजीनगर म्हणा. रात्री मुशायरा सुटला की शायर लोक तिथं येऊन बसायचे, दोन कपात पाच जण. उधारीची वही अजून माझ्याकडं आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका शायराच्या नावापुढं वडलांनी रक्कम लिहिणंच सोडून दिलंय, नुसत्या उभ्या रेघा आहेत. मागच्या पानावर त्याच्याच हातचे उर्दूत दोन शेर, त्यावर चहाच्या बशीचा गोल डाग. वडील त्याला काय म्हणायचे? कलंदर नाही, स्वच्छंदी तर नाहीच. म्हणायचे, "वल्ली आहे." आणि हाच शब्द इथं बसतो असं माझं मत. वली म्हणजे अल्लाचा दोस्त, त्याचा वल्ली झाला. वलीचं अनेकवचन औलिया, त्यावरून आपला अवलिया. आपण मजेत 'एक अवलिया' म्हणतो, म्हणजे खरं तर 'एक साधूंचा जमाव' म्हणतो. आमच्याकडं सांगतात, खुलताबादेत चौदाशे अवलिया आले. आणि औरंगाबादचा मोठा शायर कोण? वली! १७०० साली दिल्लीला गेला आणि दख्खनीतली गझल तिकडच्यांना ऐकवली.

जुनी पोथी
वल्ली हा संस्कृत शब्द आहे. अर्थ वेल. नागवल्ली, द्राक्षवल्ली. वेलीसारखा वाटेल तिकडं पसरणारा माणूस तो वल्ली. ओढूनताणून अरबस्तानात जायचं कारण नाही.

शहागंज
सर, वेल आधाराशिवाय उभी राहत नाही. आमच्या हॉटेलातला तो वल्ली कुणाच्या आधारानं उभा होता? माझ्या वडलांच्या!

पालावरचा
मग सरांचंच बरोबर निघालं की.

मुक्काम परभणी
द्राक्षवल्लीवरून आठवलं. मोंमार्त्रच्या उतारावर खरंच द्राक्षाचा छोटा मळा आहे, १९३३ साली लावलेला. समोरच 'लापँ अजील' नावाचा जुना गुत्ता, म्हणजे 'चपळ ससा'. आंद्रे जील नावाच्या व्यंगचित्रकारानं पाटीवर पातेल्यातून उडी मारणारा ससा काढला, हातावर दारूची बाटली. लोक 'जीलचा ससा' म्हणायचे, फ्रेंचमध्ये 'लापँ आ जील', त्याचंच झालं 'लापँ अजील'. आत संध्याकाळी अजून गाणी होतात. अंधार, लाकडी टेबलं, तिकिटातच चेरीचा छोटा ग्लास. शेजारच्या आजीबाईंना सगळी गाणी पाठ होती, मला एकही शब्द कळत नव्हता, तरी टेबलावर ताल धरला.

इथल्याच मालकाचं लोलो नावाचं गाढव. १९१० साली टवाळांनी त्याच्या शेपटीला ब्रश बांधून चित्र काढून घेतलं आणि बोरोनाली नावाच्या चित्रकाराचं म्हणून पॅरिसच्या प्रदर्शनात लावलं. नंतर सांगून टाकलं, गाढवाचं आहे म्हणून.

उदगिरी
गाढव पुढं सरकायचं कसं म्हणे? कडबा दाखवून?

मुक्काम परभणी
गाजर वगैरे देत होते म्हणतात. की शेपूट हलावी म्हणून देत होते.

कोरडवाहू
'फक्कड' राहिला की. हिंदीत फक्कड म्हणजे खिशात दमडी नाही तरी मस्तीत असलेला माणूस. अगदी नेमका. पण मराठीत येईपर्यंत त्याचा चहा झाला.

जुनी पोथी
सिराज औरंगाबादीचं कुणी नाव घेतलं नाही. अठराव्या शतकातला शायर. पोरवयातच भान हरपून घर सोडायचा, खुलताबादेत बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्याभोवती रात्री काढायचा. त्याच्या गझला मी उर्दू शिकून वाचल्या आहेत. कलंदर म्हणायचं तर त्याला म्हणा. पिकासोला नव्हे, तो पुढं चांगला श्रीमंत झाला.

शहागंज
सर, तुम्ही उर्दू शिकलात?

जुनी पोथी
निवृत्तीनंतर. हजेरी घ्यायची नव्हती.

पालावरचा
ताई, 'परटाची नाव' मात्र बदला. तिथं बायका कपडे धुवायच्या. 'धुण्याची नाव' करा.

मुक्काम परभणी
बरोबर, केलं. आजच मंगळवार आहे, एवढ्यात पुरवणीचं पान व्हॉट्सॲपवर आलं. त्यांनी माझी वाट न बघताच मथळा टाकलाय, 'पॅरिसची रंगेल टेकडी'. शेजारी फोटो आयफेल टॉवरचा.

उदगिरी
संपादकच वल्ली निघाला.

जुनी पोथी
वेल या अर्थी?