‘तगरपुरवराधीश्वर’ : तेरचा राजा की तेरहून आलेला?

शब्द : पुरवराधीश्वर, आणि त्याच्या जोडीनं पुरपरमेश्वर

तेरहून (जि. धाराशिव) विचारणा : ‘आमच्या गावाचं जुनं नाव तगर. कोकणचे शिलाहार राजे स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवत. मग ठाण्यापर्यंतचा समुद्रकिनारा एकेकाळी तेरहून चालत होता, असं म्हणायला हरकत आहे का? आणि पुर-वराधीश्वर यातला वराधीश्वर म्हणजे नेमका कोण?’

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण शब्द नीट फोडला की पहिल्याचं उत्तर सोपं होतं. वराधीश्वर असा वेगळा शब्द इथं नाही. ‘वर’ हा मागच्या पुराला चिकटलेला आहे. पुरवर म्हणजे पुरांमधलं श्रेष्ठ पुर. मुनिवर, कविवर, तरुवर म्हणतो तसंच. त्यामुळं फोड अशी : तगर + पुरवर + अधीश्वर. तगर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. वाचताना थांबायचं ते ‘पुरवर’वर. आपण ‘पुर’वर थांबतो आणि पुढं वराधीश्वर नावाचा कुणी मोठा अधिकारी उभा राहतो.

हरकत आहे का, तर माझ्या मते आहे. या बिरुदाचा अर्थ शब्दशः घेतला तर त्या काळातले निम्मे राजे भलत्याच गावांवर राज्य करताना दिसतील. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा कारभार ठाणे आणि आसपासच्या किनाऱ्यावर. त्यांच्याच कुळाची दुसरी शाखा कोल्हापूरला. दोन्ही शाखा तगरचं नाव सांगतात, आणि दोन्ही शाखांचा मुलूख तेरपासून कितीतरी दूर. त्यांचा खरा दर्जा सांगणारे शब्द ताम्रपटात वेगळेच असतात : ‘समधिगतपंचमहाशब्द’ (पाच मानाच्या वाद्यांचा अधिकार मिळालेला), ‘महासामंताधिपती’, ‘महामंडलेश्वर’, म्हणजे मोठ्या मांडलिकाच्या पदव्या. आज आपण काय आहोत ते या शब्दांत येतं. कुठले आहोत ते पुरवराधीश्वरात येतं. लेख वाचताना या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मा घोळ मिटतो.

खुद्द किनाऱ्यावर उभं राहून हेच राजे स्वतःला काय म्हणवत, ते अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखात पाहा. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तिथं केसिदेवराजाला पश्चिमसमुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती म्हटलं आहे. राज्य सांगायचं तेव्हा समुद्र आणि कोकण, मूळ सांगायचं तेव्हा तगर.

लातूरहून प्रश्न : ‘आमच्या लातूरचंही असंच आहे ना?’

अगदी तसंच, आणि ते जास्त ठसठशीत आहे. लत्तलूर म्हणजे लातूर असं बहुतेक अभ्यासक मानतात. राष्ट्रकूट सम्राटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेलं मालखेड. पण मूळ गाव म्हणून ते लत्तलूरचं नाव घेतात. पुढं बेळगावकडच्या सौंदत्तीचे रट्ट हे कुळाचा तोच धागा सांगत लत्तलूरपुरवराधीश्वर म्हणवून घेतात. गोव्याचे कदंब किनाऱ्यावर बसून बनवासीपुरवराधीश्वर लिहितात. शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. म्हणजे सम्राट लातूरचं नाव सांगणारे, किनाऱ्यावरचे त्यांचे सामंत तेरचं नाव सांगणारे, आणि ही दोन्ही गावं एकमेकांच्या शेजारची. मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो. आपल्या भागाचा इतिहास लिहिताना अजिंठा, वेरूळ आणि देवगिरीवर पानंच्या पानं खर्च होतात, आणि इथून बाहेर पडलेल्या, निदान तसं अभिमानानं सांगणाऱ्या माणसांसाठी दोन ओळीही उरत नाहीत.

आता उलट दिशेचं उदाहरण. देवगिरीचे यादव, म्हणजे समुद्रापासून इतक्या आत बसलेले राजे, स्वतःला काय म्हणवतात? द्वारावतीपुरवराधीश्वर. द्वारावती म्हणजे द्वारका, थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं गाव. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, यादवांची वंशावळ देताना सांगतो की हे कुळ आधी मथुरेचं, कृष्णापासून द्वारावतीचं आणि सुबाहूच्या मुलापासून दक्षिणेचं. द्वारकेवर देवगिरीची सत्ता होती असं यातून कुणी काढत नाही. मग तगरच्या बाबतीत तोच अर्थ का काढायचा?

हे दोन बिरुदधारी समोरासमोरही आले. यादव महादेवानं (राज्यकाळ १२६१ ते १२७१) उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर याच्यावर स्वारी केली. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वर गलबतांच्या आश्रयाला गेला आणि समुद्रातच बुडून मेला. हेमाद्री लिहितो त्याचा आशय असा, की महादेवाच्या कोपाच्या आगीपेक्षा त्याला समुद्रातला वडवानल, म्हणजे पाण्याखालचा अग्नी, बरा वाटला. बोरिवलीजवळ एकसरला आरमारी लढाईचे वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत; त्यांचा संबंध काही अभ्यासक याच युद्धाशी लावतात. बिरुदं शेजारी ठेवून हा प्रसंग वाचा. समुद्रकाठच्या द्वारकेचं नाव सांगणारा राजा मराठवाड्यातून निघाला आणि मराठवाड्यातल्या तेरचं नाव सांगणाऱ्या राजाला त्यानं समुद्रकाठी संपवलं.

नांदेडहून प्रश्न : ‘मग हे आपल्या आडनावातल्या -करसारखं झालं का?’

हो, वापराच्या अंगानं जवळजवळ तसंच. गावात राहतो तोवर गावाचं नाव कुणी लावत नाही. तेरमध्ये सगळेच तेरचे, तिथं तेरकर कुणाला म्हणायचं? माणूस पुण्या-हैदराबादेला गेला की तो पैठणकर, औसेकर, उदगीरकर, देगलूरकर होतो. -कर हा गाव सोडल्याचा पुरावा आहे. दोन पिढ्यांनी त्या घरातल्या कुणी गाव पाहिलेलंही नसतं, तरी नाव टिकतं. फरक एवढाच, की -कर कुणालाही चालतो आणि पुरवराधीश्वराला गादी लागते. शिवाय राजकुळं आपलं मूळ वाढवूनही सांगत. त्यामुळं बिरुद हा त्या कुळाचा दावा आहे, इतकंच धरून चालावं. पण दावा करायला त्यांनी तगरच निवडलं, कारण तेव्हाही त्या नावाला वजन होतं.

वजन कशाचं, हेही सांगायला हवं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दक्षिणापथातली दोन मोठी व्यापारी गावं म्हणून येतात : भरुचपासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर, तिथून तगर १० दिवसांवर. पैठणहून रंगीत खडे, तगरहून ढिगानं कापड, आणि हे सगळं वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भरुच बंदराकडं. कल्याणचं बंदर जवळ होतं, पण त्या काळात तिथं परदेशी जहाजांना अटकाव होता. चुकून आलेलं जहाज पहाऱ्यात भरुचला नेत. समुद्र न पाहिलेल्या विणकरांच्या गावाचं नाव परदेशी दर्यावर्दी लिहून ठेवतो, ही तेरची खरी श्रीमंती. त्यापुढं राजधानीचा मान मला फिका वाटतो.

(तगर म्हणजे तेर हेही सहज ठरलेलं नाही. कुणी देवगिरी म्हणत होतं, कुणी जुन्नर, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं होतं. १९०१ मध्ये जुन्या लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तेरची ओळख पटवली.)

धाराशिवहून प्रश्न : ‘एका लेखात तगरपुरपरमेश्वर वाचलं. हा त्रिविक्रमाच्या देवळातला देव का?’

नाही. उत्तर कोकणच्या शाखेत बिरुदाचं हे रूप येतं. शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ चा ठाण्याचा ताम्रपट पाहा. त्या काळात परमेश्वर ही राजपदवी होती : परमभट्टारक, महाराजाधिराज, परमेश्वर अशी साखळीच असे. आज हा शब्द फक्त देवासाठी उरला म्हणून गल्लत होते. तेरला विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे, गोरोबाकाकांची समाधी आहे. पण या बिरुदातला परमेश्वर माणूसच आहे.

ज्यांना खरोखर तेरचा रहिवासी हवा आहे त्यांनी याहून जुना लेख बघावा. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ६१२ सालच्या ताम्रपटात ज्या ब्राह्मणाला गाव दान दिलं, तो तगरला राहणारा म्हणून नोंदला आहे. राहणाऱ्याला संस्कृतात अधिवासी म्हणतात. तहसीलच्या अधिवास प्रमाणपत्रात तोच शब्द आपण दर वर्षी पोरांच्या प्रवेशाच्या वेळी वापरतो. अधिवासी आणि अधीश्वर दोघांनाही ‘अधि’ लागला आहे, पण पहिला तिथं राहतो आणि दुसरा तिथला म्हणवतो. तेरवर लिहिणाऱ्यानं दोघांना वेगळ्या रकान्यात ठेवावं.

परंड्याहून भर : ‘तेरला पावसाळ्यानंतर पांढरीत मणी सापडायचे असं म्हातारी माणसं सांगतात. पांढर हा शब्दही घ्या.’

घ्यायलाच हवा. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढर म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुलींची राख, शेणमाती आणि पडक्या भिंती साचून जमीन पांढुरकी होते, म्हणून हे नाव. पुढं गाव हललं, उठलं, तरी ती जागा पांढरच राहते. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, टाकायला आणि शेतात खत म्हणून लोकांनी याच टेकाडांची माती गाड्या भरभरून नेली, आणि त्या मातीसोबत मणी, नाणी, मातीच्या मूर्तीही गेल्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी यातलं जमेल तेवढं गोळा करून ठेवलं. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय गावात आहे, आणि तगरच्या जुन्या रहिवाशांच्या हातातल्या वस्तू पाहायच्या तर तिथंच जायला हवं.

पांढरीबद्दल मला आणखी माहिती हवी आहे. उठून गेलेल्या गावाच्या जागेला तुमच्या तालुक्यात पांढरच म्हणतात की दुसरा शब्द आहे? आणि तिथून उठून आलेल्या घरांना गावात अजून जुन्या गावाच्या नावानं हाक मारतात का? कळमकर आणि भूम-परंड्याच्या मंडळींनी जरूर लिहावं.