अनंत नाग: बेनेगलांच्या पाच-सहा सिनेमांवर अख्खी कारकीर्द तोलायची का?

टिळकवाडी
अनंत नागना २०२५ ला पद्मभूषण मिळालं तेव्हापासून बघतोय, मराठी लोकांत विषय निघाला की गाडी श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'वरून सुटते आणि 'कलयुग'ला येऊन थांबते. मग ठरलेलं वाक्य येतं, काय नट होता, हिंदीत टिकला असता तर कुठच्या कुठे गेला असता, कन्नडमध्ये जाऊन वाया गेला. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय.

मी बेळगावचा, घरात मराठी, पण कन्नड सिनेमे लहानपणापासून बघत आलोय. पहिली गोष्ट म्हणजे तो कन्नडमध्ये "गेला" वगैरे काही नाही. त्याचा पहिला सिनेमा 'संकल्प' १९७३ चा आणि तो कन्नडच, 'अंकुर' त्याच्यानंतर आला १९७४ ला. १९७५ ला इकडे 'निशांत' आणि त्याच वर्षी तिकडे जी. व्ही. अय्यरांचा 'हंसगीते', ज्यात तो चित्रदुर्गाकडचा जुन्या काळातला गवई झालाय. म्हणजे सुरुवातीपासून दोन्हीकडे पाय होते, आपण एकच पाय बघितला. नंतर 'बरा', 'मिंचिना ओटा', 'अ‍ॅक्सिडेंट', 'अवस्थे', 'उद्भव', 'गणेशना मदुवे', आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी 'गोधी बण्णा साधारण मैकट्टू'. याला वाया जाणं म्हणतात का? बघा की जरा हे सिनेमे आणि मग बोला.

तिसरी घंटा
असहमत, आणि कारणं देतो. 'अंकुर'चा शेवट आठवा. सूर्या, म्हणजे अनंत नाग, मोलकरीण लक्ष्मीच्या मुक्याबहिऱ्या नवऱ्याला, किष्टय्याला, चाबकाने फोडून काढतो, पण रागाने नाही, भीतीने, त्याला वाटतं हा आपल्याला मारायला आलाय. आणि लक्ष्मी शिव्याशाप द्यायला लागते तेव्हा हा आत दाराआड उभा राहून थरथरतोय. जमीनदाराच्या पोराचा माज आणि त्याच्या आतला भेकडपणा एकाच चेहऱ्यावर, आणि तोही हिंदीतल्या पहिल्याच सिनेमात. शबाना आणि साधू मेहेरना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, याला नाही, तो अन्यायच.

पण नंतर काय? नसीर, ओम पुरी यांना ऐंशीच्या दशकात एकाहून एक अवघड भूमिका मिळत गेल्या आणि ते वाढत गेले, आणि हा तिकडे कौटुंबिक मेलोड्रामा, अभिनेत्री लक्ष्मीबरोबरच्या जोडीचे सिनेमे, नवराबायकोच्या गैरसमजाच्या कॉमेड्या. 'ना निन्ना बिडलारे' हिट होता मान्य, भुताटकीचा सिनेमा आणि शेवटी मंत्रालयम गावचे संत राघवेंद्र स्वामी. त्यात 'अंकुर'मधला नट दिसतो का सांगा. हिट सिनेमांची लांब यादी म्हणजे मोठी कारकीर्द असं मी मानत नाही.

दादर पश्चिम
तुम्ही दोघंही हिंदी की कन्नड एवढंच धरून बसलात, मला राग मराठीचा येतो. नागरकट्टे हे घर कोकणी बोलणारं, हा माणूस मुंबईच्या रंगभूमीवर तयार झाला, मराठी नाटकांत कामं केली, आणि मराठी सिनेमाने त्याला काय दिलं तर २००३ ला पालेकरांचा 'अनाहत'. त्यातला तो राजा ज्याला मूल होऊ शकत नाही आणि राज्याला वारस हवा म्हणून राणीला एका रात्रीसाठी दुसऱ्याकडे पाठवावं लागतं. ती रात्र तो महालात एकटा काढतो, तेवढ्यासाठी तरी हा सिनेमा परत बघावा. अपमान, मत्सर, प्रेम सगळं आहे आणि आवाज कुठेही चढत नाही. असं काम करणारा माणूस शेजारच्या राज्यात बसलेला आणि आपण त्याला बोलवत नाही!

धाकटा भाऊ शंकर नागसुद्धा इथलाच, '२२ जून १८९७'मध्ये होता, तोही कन्नडमध्ये गेला.

तिसरी घंटा
@दादर पश्चिम, सत्तरच्या दशकात मराठी सिनेमाकडे त्याला द्यायला होतं काय पण? खानोलकरांची 'कोंडुरा' घ्या, कादंबरी अस्सल आपली, कोकणातली, आणि सिनेमा निघाला हिंदी आणि तेलुगूत, दोन्हीत नायक परशुराम हाच. 'निशांत', 'मंथन' लिहिले तेंडुलकरांनी, 'भूमिका' आली हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वरून. म्हणजे मराठीतलं चांगलं सगळं बेनेगलांकडे गेलं आणि अनंत नाग तिथे होताच की. म्हणून तर म्हणतो त्याची खरी जागा ती होती.

रातराणी
मला एक कळत नाही, कॉमेडी केली की नट लहान कसा होतो? 'गणेशना मदुवे' मी सबटायटलवर बघितला, कन्नडचं एक अक्षर येत नाही. एक वठार आहे, म्हणजे आपल्या पुण्याच्या वाड्यासारखं, मालक आणि त्याची भाडेकरू बिऱ्हाडं, आणि हा गणेश त्या मालकाशी सतत भांडणारा. तो एका गायिकेच्या आवाजाच्या प्रेमात पडतो, पत्रं लिहितो, आणि ती निघते त्याच मालकाची पोरगी जिच्याशी त्याचा रोज खटका उडतोय. गोष्ट तशी साधीच. पण हा माणूस त्यात कुठेही मी विनोद करतोय असं दाखवत नाही हो, मालक काहीतरी बोलतो आणि हा अर्धा सेकंद नुसता बघतो, चेहरा कोरा, आणि मग अगदी सभ्य आवाजात उत्तर देतो, तिथेच आपण फुटतो. ते अर्धा सेकंद थांबणं शिकवून येत नाही. १९९० चा सिनेमा आणि आजही लोक बघतायत, घराघरात पाठ आहे तिकडे.

टिळकवाडी
@रातराणी, अगदी. आणि त्याच वर्षीचा 'उद्भव' बघा तुम्ही. रस्ता रुंद होणार, घरं पाडणार, तर एक पोचलेला इसम रस्त्यात "स्वयंभू" गणपती उगवायची व्यवस्था करतो आणि मग त्या गणपतीच्या भोवती अख्खं राजकारण उभं राहतं. तो इसम म्हणजे अनंत नाग. आपल्याकडे 'देऊळ' आला २०११ ला, हा त्याच्या कितीतरी आधीचा. तो राघवण्णा बदमाश आहे पण तुम्हाला त्याचा राग येत नाही, हे साधायला काय लागतं ते तिसरी घंटा यांनीच सांगावं.

आणि @तिसरी घंटा, तुम्ही बोट जिथे ठेवताय तिथे खीळ बसलीच नव्हती. ऐंशीचं दशक त्याचं भरीव होतं, कारण शंकर दिग्दर्शक म्हणून उभा राहिला. 'मिंचिना ओटा' १९८० चा, दोघं भाऊ गाड्या चोरणारे, तुरुंगातून पळायची धडपड, प्रिया तेंडुलकर आहे त्यात, तीच जी 'अंकुर'मध्ये सूर्याची बायको होती. 'अ‍ॅक्सिडेंट' १९८५, श्रीमंत पोराने फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर गाडी घातली आणि बाप राजकारणी, तो बाप हा. दिग्दर्शक एम. एस. सत्यूंच्या 'बरा'मध्ये दुष्काळी जिल्ह्यातला प्रामाणिक अधिकारी, ज्याला सगळे मिळून हतबल करतात. आणि ऐंशीच्याच दशकातला 'मालगुडी डेज', तो तर तुम्ही सगळ्यांनी दूरदर्शनवर हिंदीतच बघितलाय! त्यातला मिठाईवाला जगन, गांधीजींना मानणारा, सूत कातणारा म्हातारा, पोरगा अमेरिकेहून परत येतो आणि याला त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. तेव्हा अनंत नाग चाळिशीचाही नव्हता. हिंदीत राहायला हवं होतं म्हणणारे हा जगन मोजतच नाहीत, कारण तो आगुंबेत कन्नड माणसांनी शूट केला म्हणून का?

खीळ बसली ती ३० सप्टेंबर १९९० ला. दावणगेरेजवळ गाडीच्या अपघातात शंकर गेला, पस्तीस वर्षांचा. पाठचा भाऊ गेलाच, पण याच्याकडून अवघड काम मागणारा दिग्दर्शकही गेला. हे लक्षात न घेता नव्वदच्या दशकाबद्दल बोलणं मला क्रूर वाटतं.

तिसरी घंटा
शंकरचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो जाणं हे दोन्हीकडच्या सिनेमाचं नुकसान, वादच नाही. पण त्यानंतर राजकारणात जाणं तर स्वतःचा निर्णय होता ना? १९९४ ला बंगळुरूच्या मल्लेश्वरममधून आमदार, कर्नाटकात जे. एच. पटेलांच्या सरकारात मंत्री, २००४ ला तेव्हाचे मुख्यमंत्री एस. एम. कृष्णांच्या विरोधात उभा राहून हरला. पंचेचाळीस ते पंचावन्न हे नटाचं सगळ्यात पिकलेलं वय असतं, ते गेलं त्यात. आणि परतल्यावर? 'मुंगारु मळे'मधला कर्नल, 'केजीएफ'मधला पत्रकार जो खुर्चीत बसून गोष्ट सांगतो. त्याचा आवाज आणि भारदस्तपणा वापरला, नट वापरलाच नाही. आणि दुसऱ्या भागात तर प्रकाश राज आले, सिनेमाला काही फरक पडला नाही. मला याचं वाईट वाटतं म्हणून बोलतोय, मी त्याचा शत्रू नाहीये.

दादर पश्चिम
मंत्री होण्याबद्दल तक्रार नको. लोकांनी निवडून दिलं, काम केलं. नटाने समाजाचं काही बघू नये का?

रातराणी
'केजीएफ'बद्दल पटलं नाही. पहिल्या भागातली गोष्ट इतकी अतिरंजित आहे की ती सांगणारा माणूस खरा वाटला नसता तर दहाव्या मिनिटाला उठून गेलो असतो.

टिळकवाडी
@तिसरी घंटा, 'गोधी बण्णा' तुम्ही सोयीस्कर वगळलात. २०१६ चा. वेंकोब राव, स्मृती जात चाललेला म्हातारा, पोरगा त्याला वृद्धाश्रमात ठेवतो, एक दिवस बाहेर काढतो आणि पोराच्याच निष्काळजीपणाने म्हातारा हरवतो. पोरगा त्याला शोधत फिरतो, आणि हा इकडे गुंडांच्या तावडीत. त्याला आपल्याला धोका आहे हेच कळत नाहीये, तो आपल्या गेलेल्या बायकोच्या आठवणीत आहे. रडत नाही, हात थरथरवत नाही, विसरभोळेपणाच्या ठरीव खुणा एकही नाहीत, फक्त नजर समोरच्या माणसावरून हळूच सुटते आणि थोड्या वेळाने परत येते. सूर्याची भीती तुम्हाला आठवते ना, मग हे पण बघा. माझ्या मते हे त्याच्या वरचं काम आहे.

तिसरी घंटा
'गोधी बण्णा' बघितलाय आणि उत्तम आहे. पण 'बरा' १९८२ आणि हा २०१६, मध्ये चौतीस वर्षं. एवढ्या मोठ्या नटाला एवढं थांबावं लागलं हीच माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेत नाही.

टिळकवाडी
मधले 'अ‍ॅक्सिडेंट', 'अवस्थे', 'उद्भव' आणि तो जगन धरले तर चौतीस वर्षं राहतात का? 'अवस्थे' आधी बघा, कन्नड लेखक यू. आर. अनंतमूर्तींच्या कादंबरीवरचा आहे. बघून झाला की इथेच लिहा, मी आहे.