अनुभव धागा : विद्यार्थ्यांचा फाल्गुनातला रविवार

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण झाडं फाल्गुनातच सुरुवात करतात. नेमके हेच दिवस परीक्षांचे. आठवडाभर क्लास, प्रॅक्टिकल, जर्नल आणि मग एकदम मोकळा रविवार. त्या मोकळ्या वेळात डोक्यात काय चालतं, ते लिहा. सध्या शिकणाऱ्यांनी आधी लिहावं. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे परिच्छेद ज्येष्ठांनी शक्यतो आवरावेत.

पुणे, सदाशिव पेठ

राज्यसेवेची तयारी करते. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हे पुण्यात राहिलेल्यांना सांगायला नको. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून आठवडाभर हात दुखेस्तोवर लिहायचा सराव चालतो. म्हणून रविवारी सकाळी पेन हातात धरत नाही, हनुमान टेकडीवर जाते. सध्या तिथे गिरिपुष्प फुललंय. पान एक नाही, नुसती फिकट गुलाबी फुलं. रूममेट बॉटनीची आहे. ती म्हणाली, हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, झटपट वाढतं म्हणून टेकड्यांवर लावलं. झालं! पुढची दहा मिनिटं मी फुलं बघत नव्हते, मनातल्या मनात पर्यावरणाची नोट काढत होते. दोन वर्षांपूर्वी मी अशी नव्हते. खाली उतरताना बाबांचा फोन येतो. हरभरा काढायला आलाय, मजूर मिळत नाहीत, तू जेवलीस का. परीक्षेची जाहिरात कधी येणार हे ते हल्ली विचारत नाहीत. विचारायचे तेव्हा राग यायचा, आता विचारत नाहीत याचं जास्त वाटतं.

दापोली

कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रविवारी घरी जातो, आजोबांची हापूसची थोडी कलमं आहेत. या वर्षी कणी, म्हणजे अगदी बारकी फळं, चांगली धरली होती, मग थंडी परत आली आणि त्याच फांद्यांना नवा मोहोर फुटला. मुंबईचे पाहुणे फोटो काढत सुटले. आमच्या पोटात गोळा. पुनर्मोहोर आला की झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधी धरलेली बारकी फळं गळतात. यावर विद्यापीठाची शिफारस जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या फवारणीची आहे, 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. पेपरात हे मी झोपेतही लिहीन. आजोबांना सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं आणि मळभ येतंय का ते बघितलं, कारण ढग आले की मोहोरावर तुडतुड्यांची कीड आलीच.

डिग्रीनंतर बँकेच्या परीक्षा द्यायच्या की बाग बघायची, हा प्रश्न होस्टेलवर सहा दिवस टाळता येतो. कलमाखाली गळलेली कणी बघत उभं राहिलं की नाही टाळता येत. बागेचा खर्च मी वहीत मांडून बघितलाय. फवारण्या, राखणदार, पेट्या, गाडीभाडं. आकडा लिहीत नाही, कोकणातल्यांना माहीत आहे. तरी बँकेचा फॉर्म अजून भरलेला नाही.

आखेन, जर्मनी

इथे रविवारी दुकानं कायद्यानेच बंद. ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्याही पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. सुरुवातीला ही शांतता अंगावर यायची. आता हिवाळी सत्राच्या परीक्षा संपत आल्यात, हिरवळीवर जांभळे क्रोकस आलेत आणि मी काहीही न करता खिडकीत बसू शकते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनाचे तीन होतात आणि भारताशी फरक साडेचार तासांवरून साडेतीनवर येतो. आईला हे मुळीच पटत नाही. ‘घड्याळ असं पुढे कसं करतात? मग तो तास गेला कुठे?’ मीही विचार करतेय. या देशात आल्यापासून बरेच तास कुठे गेले, माहीत नाही.

गडचिरोली

शांत रविवार वगैरे आमच्याकडे नाही. मोहफुलं गळायला लागली की कॉलेजातून शनिवारी गावी यायचं आणि रविवारी अंधार असतानाच टोपलं घेऊन झाडाखाली जायचं. गुरं पोचायच्या आत वेचावं लागतं. पुस्तक सोबत नेतो, उघडत नाही. विचार येतात, पण कंबर दुखण्याचेच जास्त.

पुन्हा दापोलीहून

सदाशिव पेठेतल्या ताईंसाठी : आमच्या अभ्यासक्रमात तुमचं गिरिपुष्प हिरवळीच्या खतात येतं. पाला शेतात गाडायचा, नत्र मिळतं. काही जण त्याला उंदीरमारीही म्हणतात. हेही नोटमध्ये टाका, आणि पुढच्या रविवारी नुसती फुलं बघा.

पुणे, सदाशिव पेठ

टाकलं. नत्र किती टक्के?