जुनं ३२ बोअर ब्राउनिंग १९१० घ्यावं का? परत बघायला जाण्याआधी सल्ला हवा

माणदेशी_३२

नमस्कार मंडळी. स्वसंरक्षणासाठी ३२ बोअर पिस्तुलाचा परवाना मंजूर झाला आहे, हद्द महाराष्ट्र राज्य. शस्त्र अजून घेतलेलं नाही. जिल्ह्यातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे एफएन ब्राउनिंग १९१० ठेवलेलं आहे. मूळ मालक वारले आणि मुलाला परवाना नको आहे, म्हणून विक्री. मागणी साडेतीन लाख. रंग अगदी एकसारखा, निळसर काळा. मॅगझिन एकच. ग्रिपच्या डाव्या पट्टीला खालच्या कोपऱ्यात तडा आहे.

पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. नेमकं काय तपासावं, कागद कोणते मागावेत, आणि त्यापेक्षा नवं देशी घेतलेलं बरं का, हे जाणकारांनी सांगावं.

नळी_आणि_खाचा

पहिली शंका त्या एकसारख्या रंगाचीच. या मॉडेलचं वापरातलं जुनं पिस्तूल असेल तर स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) कडा, नळीचं तोंड आणि ग्रिपचा पुढचा भाग घासून पांढुरका झालेला असतो. सगळीकडे सारखा काळा रंग म्हणजे बहुतेक पॉलिश मारून पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा थर) केलेलं आहे. तो गुन्हा नाही, पण पॉलिशखाली गंजाचे खड्डे जातात आणि किंमत मात्र ‘ओरिजिनल’ची लागते. स्लाइडच्या डाव्या बाजूला ‘फाब्रिक नासिओनाल’ची जी ओळ कोरली आहे, तिच्यावर बोटाचं नख फिरवा. मूळ अक्षरांची कड नखाला अडते. पॉलिश झालेली अक्षरं उथळ लागतात, त्यांची कड गोलावलेली असते, आणि पिनांच्या छिद्रांभोवती बशीसारखा खळगा दिसतो. ग्रिपच्या पट्ट्या काढून द्यायला सांगा. घामाचा आणि पावसाळी हवेचा गंज आधी तिथे, पट्टीखाली लागतो, आणि पॉलिशवाला तिथपर्यंत सहसा जात नाही.

हाताळायचा क्रम पक्का ठेवा. आधी मॅगझिन बाहेर (खटका मुठीच्या तळाला, मागच्या बाजूला आहे), मग स्लाइड पूर्ण मागे ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. उलट क्रमाने केलं तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये शिरतं. या पिस्तुलाला बाहेरून दिसणारा घोडा नाही, आत स्ट्रायकर (स्प्रिंगच्या जोराने काडतुसावर आदळणारी सुई) आहे. त्यामुळे नुसतं बघून ते चढवलेलं आहे की नाही कळत नाही. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकूनही राहत नाही, म्हणून ‘रिकामं झालं असेल’ हा अंदाज इथे चालत नाही.

आता नळी. विक्रेत्याकडून कोरडं फडकं फिरवून घ्या, मगच बघा. तेल लावलेली नळी सगळीच चकचकीत दिसते. मागून बारीक टॉर्च धरून पुढून पाहा. नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांच्या कडा तोंडापर्यंत स्पष्ट हव्यात. किंचित काळपटपणा चालेल, कारण जुन्या काडतुसांच्या प्राइमरमधल्या (बुडाच्या पेटत्या टोपीतल्या) क्षाराने तो यायचाच. मध्येच एखादी काळी गोल सावली, अंगठीसारखी, दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. एक गोळी कमी दाबामुळे नळीत अडकली आणि तिच्या मागून दुसरी झाडली, की नळी त्या जागी फुगते. ती अंगठी म्हणजे तोच फुगवटा. याला दुरुस्ती नाही, नळीच बदलावी लागते, आणि ती इथे मिळणं फार कठीण.

स्प्रिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या. हे साधं ब्लोबॅक पिस्तूल आहे. नळीला कुठलंही लॉक नाही, स्फोटाचा दाब फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग पेलतात. स्प्रिंग मेली की स्लाइड दर गोळीला फ्रेमवर आदळते आणि कालांतराने तडे जातात. रिकामं पिस्तूल, तोंड वरच्या दिशेला, स्लाइड अर्धी मागे न्या आणि धरलेल्या बोटांनीच हळूहळू सोडत या. शेवटचे चार-पाच मिलिमीटर तिने स्वतःच्या जोराने बंद व्हायला हवं. तिथे रेंगाळली तर स्प्रिंग थकली आहे किंवा रुळांमध्ये चिकट तेल साठलं आहे. साफ करूनही रेंगाळली तर स्प्रिंगच. मग इजेक्शन पोर्टचे (रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीचे) चारही कोपरे भिंगाखाली बघा, केसासारखी रेघ तिथे सापडते.

सेफ्टी तीन आहेत: हाताची कळ, मुठीमागची दाबपट्टी आणि मॅगझिनची. रिकामं मॅगझिन आत घालूनच तपासा, कारण मॅगझिन नसताना चाप सुटतच नाही. (तो दोष नाही. पण मॅगझिनशिवाय चाप सुटला, तर कुणीतरी ती सेफ्टी काढून टाकली आहे.) पिस्तूल चढवा, कळ लावा, चाप जोरात ओढा, सोडा. मग चापाला हात न लावता कळ काढा. त्या क्षणी आत ‘टक्’ आवाज आला तर सिअर (चढवलेला स्ट्रायकर अडवून धरणारा तुकडा) घसरतोय, घेऊ नका. पुढे दाबपट्टी न दाबता चाप ओढून पाहा, सुटायला नको. शेवटी चाप ओढून तसाच दाबून धरा, स्लाइड मागे नेऊन पुढे सोडा. स्ट्रायकर चढलेलाच राहायला हवा. चाप सोडल्यावर बारीक खटका बोटाला जाणवतो, त्यानंतरच पुढचा चाप लागला पाहिजे. हे सगळं डमी काडतुसावर करा, कोरडा चाप वारंवार सोडला की जुन्या स्ट्रायकरचं टोक तुटतं.

कलम_पाच

वरचा प्रतिसाद उत्तम. कागदांची बाजू मी मांडतो, कारण या व्यवहारात धोका तिथे जास्त आहे.

विकणारा मुलगा स्वतः परवानाधारक नाही. तेव्हा वडिलांच्या मृत्यूनंतर हे शस्त्र त्याच्या घरी नव्हे, तर आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम २१ प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असायला हवं. मागायचा पहिला कागद म्हणजे ती जमा पावती, तारखेसकट. जमा केलेलं शस्त्र वारसाला हक्कदार व्यक्तीस विकता येतं, पण त्याला ठरावीक मुदत आहे. मुदत उलटली की शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. वडील कधी वारले, शस्त्र कधी जमा झालं, मुदतवाढ घेतली का, या तीन तारखा जुळल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका. वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांचं लेखी ना हरकत पत्र घ्या. साडेतीन लाखांच्या वस्तूवर बहीण-भावांचे वाद नंतर निघतात आणि त्यात पिस्तूल अडकून पडतं.

मालक हयात असता आणि त्याने थेट तुम्हाला विकलं असतं, तर कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागलं असतं. वारसाच्या प्रकरणात तुमच्या परवाना शाखेला नेमकं काय हवं, ते आधी अर्ज देऊन लेखी विचारा. आयुक्तालयाची हद्द असेल तर पोलीस आयुक्त, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय. तोंडी ‘चालतंय’ घेऊन येऊ नका.

नंबर तीन ठिकाणी वाचा: फ्रेम, स्लाइड आणि नळी. नळीवरचा नंबर इजेक्शन पोर्टमधून दिसतो. तिन्ही एकमेकांशी आणि वडिलांच्या परवान्यावरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. रिब्लूइंगच्या पॉलिशमध्ये एखादा आकडा पुसट झाला असेल, ३ आहे की ८ कळत नसेल, तर ती गोष्ट किरकोळ नाही. निर्मात्याचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह नसलेलं शस्त्र विकायला कलम ८ मनाई करतं, आणि उद्या तपासणीत उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

अजून एक. हे मॉडेल कंपनीने दोन बोअरमध्ये काढलं: ७.६५ मिमी, म्हणजे आपलं ३२ बोअर, आणि ९ मिमी शॉर्ट. (१९१४ साली सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर झाडलेलं पिस्तूल याच मॉडेलचं, पण ९ मिमी शॉर्टचं होतं.) बाकी पिस्तूल तेच, मुख्य फरक नळीचा. म्हणून पोर्टमधून नळीवरचा बोअर स्वतः वाचा. तिथे ९ दिसलं तर तुमचा परवाना त्याला लागू नाही, मग किंमत कितीही उतरो.

खडकी_काडतूस

गोळ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे ‘३२ बोअर’ या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसं फिरतात. रिव्हॉल्व्हरचं ३२ लाँग: पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) साधारण २३ मिमी, मागे रुंद कड. पिस्तुलाचं ३२ ऑटो: पुंगळी साधारण १७ मिमी, कड अगदी किंचित बाहेर. परवान्याच्या दारूगोळा रकान्यात नुसतं ‘३२’ लिहिलं असेल तर दुकानात चुकीचा डबा हातात येऊ शकतो. मोजून घ्या. रिव्हॉल्व्हरचं काडतूस या मॅगझिनमध्ये बसत नाही, आणि जबरदस्ती करण्यात मॅगझिनचे ओठ (तोंडाच्या वळलेल्या कडा) वाकतात.

त्या किंचित बाहेर आलेल्या कडेमुळे या बोअरला एक खास रोग आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढा, काडतूस वर येत नाही. तो अडथळा दुकानात कळत नाही, नेमका गरजेच्या वेळी कळतो. भरताना प्रत्येक काडतूस मागे पूर्ण सरकवा आणि वरच्याची कड खालच्याच्या पुढे आहे हे बघा. लांबीला आखूड गोळ्या मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकतात, त्यांच्यात हे जास्त होतं. गोल तोंडाच्या पूर्ण तांबे-आवरणाच्या गोळ्या या पिस्तुलाला सगळ्यात बऱ्या, कारण ते त्यांच्यासाठीच बनलं आहे.

मॅगझिन एकच आहे, हे मला तड्यापेक्षा मोठं वाटतं. सात डमी भरा, हाताने स्लाइड ओढत सातही बाहेर काढा, असं तीनदा. दरवेळी अडखळत असेल तर आधी ओठ बघा, मग मॅगझिनची स्प्रिंग, मग एक्स्ट्रॅक्टरचा (चेंबरमधून पुंगळी ओढून काढणारा) आकडा.

माणदेशी_३२

सगळ्यांचे मनापासून आभार. जमा पावतीचं डोक्यातच नव्हतं. दोन गोष्टी विचारतो. स्प्रिंग थकलेली निघाली तर स्थानिक कारागिराकडून बनवून चालेल का? आणि तपासणीसाठी मी स्वतः पिस्तूल खोलून पाहू का?

नळी_आणि_खाचा

काउंटरवर खोलू नका. या मॉडेलमध्ये स्प्रिंग नळीभोवती असते आणि तोंडाकडच्या खाचेदार रिंगने दाबून धरलेली असते. रिंग आत दाबून पाव फेरा फिरवली की ती स्प्रिंगच्या जोराने सुटते, थेट डोळ्यांच्या दिशेने. विक्रेत्याच्या माणसाला खोलायला सांगा, तुम्ही भाग हातात घेऊन बघा.

स्प्रिंग दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रकारागिराकडूनच, आणि तीही मूळ तारेच्या जाडीची. ‘थोडी कडक टाकतो’ म्हणाला तर नको म्हणा. कडक स्प्रिंगने स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी पोर्टमध्ये उभी अडकते. स्ट्रायकरचं टोक लेथवर बनवून घेणं पूर्ण टाळा: लांब झालं तर प्राइमर फुटून गॅस मागे येतो, आखूड झालं तर गोळी सुटत नाही.

खडकी_काडतूस

घ्यावं की नाही, माझं मत स्पष्ट आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात खाजगी आयात बंद झाली, तेव्हापासून विलायती पिस्तुलांच्या भावात नावाचा आणि टंचाईचा वाटा मोठा आहे. ते चांगलं संरक्षण देतं म्हणून हा भाव नाही. तुमचं कारण स्वसंरक्षण आहे, संग्रह नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीचं नवं अशनी (देशी ३२ बोअर पिस्तूल) घेतलंत तर नंबर स्वच्छ, बिल कारखान्याचं, मॅगझिन आणि सुटे भाग मागवता येतात. चाप आणि फिनिशमध्ये ते ब्राउनिंगच्या जवळपास जात नाही, हे खरं. नव्यातही वरच्या सेफ्टीच्या सगळ्या तपासण्या करूनच उचला.

ब्राउनिंगच हवं असेल तर रिब्लूइंग, तडा आणि एक मॅगझिन या तिन्हींचे पैसे कमी करून मागा. रेंजवर किमान दोन मॅगझिन, म्हणजे चौदा गोळ्या, झाडून बघण्याची अट लेखी घाला. पुंगळ्या जपून ठेवा: प्राइमरवरचा खळगा मधोमध आणि गोल हवा, पुंगळीच्या अंगावर एका बाजूला फुगवटा नको.

आणि घेतलंच तर चेंबर रिकामं ठेवून बाळगा. आजच्या पिस्तुलांत चाप पूर्ण ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा जो स्वतंत्र अडसर असतो, तो यात नाही. चढवलेला स्ट्रायकर फक्त सिअरच्या कडेवर टेकलेला असतो, आणि ती कड किती झिजली आहे हे कुणालाच बाहेरून दिसत नाही.

कलम_पाच

जाताना परवाना मूळ प्रतीत न्या आणि त्यावर शस्त्र घेण्याची मुदत कधी संपते ते बघून जा. वारसाचे कागद पुरे व्हायला वेळ लागतो. मुदत जवळ आली असेल तर वाढीचा अर्ज आधी करा, बोलणी नंतर.